एक टप्पा, एक हात

बायको गेली आणि सगळे मला बसवायला निघाले. मुलगा चिपळूणहून फोनवर म्हणाला, "अब्बा, खूप केलंत. आता या परत आणि आरामात बसा." कामावरची पोरं म्हणाली, "चाचा, तुम्ही सावलीत बसा, आम्ही बघतो." मी इकडे आखातात, हमद पोर्टवर फोरमन आहे. जहाजावर रचलेले कंटेनर लोखंडी सळ्यांनी आवळून बांधायचे, हे आमच्या टोळीचं काम. शाळा चौथीपर्यंत. बसून मी काय करणार? बसलो की ती दिसते.

मला तिला माती देता आली नाही. आमच्यात मय्यत थांबवून ठेवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मी विमानात होतो तेव्हा तिकडे गावी दफन होऊन गेलं होतं. चाळिसावा करून परत कामावर आलो. आमचा अर्धाअधिक संसार फोनवर झाला. शुक्रवारी जुम्मा झाला की मी फोन लावायचा, तिने आधी नारळ किती उतरवले ते सांगायचं आणि मग भांडायचं. आता शुक्रवार आला की नजमा भागातली माझी भाड्याची खोली मला खायला उठायची. एका खोलीत आम्ही सहाजण, तरी खायला उठायची.

वरच्या मजल्यावर साताऱ्याकडचा एक जवान इंजिनियर राहतो. पोर्टच्याच ऑफिसात आहे. एका शुक्रवारी सकाळी जिन्यात भेटला. "चाचा, चला माझ्याबरोबर. अल दुहैलला आमची बेसबॉलची मॅच आहे. सावलीत बसून चहा प्या."

पुन्हा बसा. तरी गेलो.

तिथे एका शाळेच्या मैदानावर नोकरीधंदेवाल्यांच्या टीमची लीग चालते. आमची टीम पोर्टवाल्यांची. फिलिपिनो जास्त, दोघे पाकिस्तानी आणि हा इंजिनियर. कॅप्टन फिलिपिनो, क्रेन चालवतो, मला ओळखणारा. त्या दिवशी आमच्या टीमचा एकजण आला नाही. नऊ माणसं नसली तर न खेळता हार. कॅप्टनने इकडेतिकडे बघितलं आणि शेवटी माझ्याकडे बघितलं.

"बाबा, यू प्ले?"

"क्रिकेट खेळलोय."

"सेम सेम," तो म्हणाला. साफ खोटं.

मला उजवीकडे पार लांब उभं केलं, जिथे बॉल कमी येतो. डाव्या हातात चामड्याचा ग्लव्ह दिला. समोरच्या टीमचे दोन गडी बेसवर थांबलेले, तिसरा मारायला आला आणि बॉल नेमका माझ्याकडे. एक टप्पा पडून उसळला. ग्लव्ह विसरलो आणि मोकळ्या उजव्या हाताने असा पकडला की वा! दोन्ही हात वर करून बोंबललो, "आउट!"

तिकडे सेकंड बेसवरून इंजिनियरही उडी मारून ओरडला, "आउट! एक नंबर, चाचा!"

आमच्या गावात मशिदीमागे कापणी झालेल्या मळ्यात खेळायचो. जागा एवढीशी, म्हणून कायदा असा की एक टप्पा पडलेला बॉल एका हाताने धरला तर आउट. साताऱ्याच्या गल्लीतही तोच कायदा. आम्हा दोघांच्या हिशेबाने तो माणूस आउट होता. बाकी दुनियेच्या हिशेबाने नव्हता. बेसबॉलमध्ये टप्पा पडला की बॉल ताबडतोब बेसवरच्या आपल्या माणसाकडे फेकायचा, पळणारा तिथे पोचायच्या आत. मी हात वर करून उभा आणि बेसवरचे ते दोघे आरामात धावा पुऱ्या करून आले. कॅप्टनने टोपी काढून जमिनीवर आपटली. "थ्रो, बाबा! थ्रो!"

हरलो. कॅप्टन माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला. "थँक यू, बाबा. नेक्स्ट फ्रायडे यू सिट."

गाडीत इंजिनियरने एसी लावला. मग म्हणाला, "चाचा, ओरडलो तर मी पण."

"तू ओरडलास, पण तुला कोणी बस म्हणालं नाही. मला परत खेळायचंय."

"ओ चाचा, वय काय तुमचं?"

"बॉल काय वय विचारून येतो?"

दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या वेळी मी क्रेनच्या शिडीखाली जाऊन उभा राहिलो. कॅप्टन उतरला. त्याला म्हटलं, मॅचच्या आधी मला बॉल मार, शिकव.

"खलास, बाबा. यू ओल्ड."

"ओल्ड आहे. मेलो नाही."

तो हसला, पण पुढच्या शुक्रवारी लवकर आला. मीही आलो. तो बॉल मारायचा, मी पकडायचो आणि हात आपोआप वर जायचे. डोक्याला कायदा कळला होता, हातांना कळत नव्हता. इंजिनियर लांबून ओरडायचा, "चाचा, हात खाली! पोलिसांनी पकडलंय काय?" असे कितीतरी शुक्रवार गेले. मॅच सुरू झाली की मी बाहेर, त्यांच्या बाटल्या भरत. कंबर धरायची, बोटं सुजायची. तिला सांगितलं असतं तर म्हणाली असती, म्हाताऱ्याला चळ लागलाय. आणि मग विचारलं असतं, जिंकलात काय?

शेवटी कामावरच उपाय सापडला. जहाजावर सळई हातात आली की ती उंच धरून कोणी नाचत नाही, लगेच पुढच्या माणसाकडे जाते. मी मनाला सांगितलं, हा बॉल नाही, सळई आहे. दे पुढे.

एका शुक्रवारी पाकिस्तान्यांपैकी एक सुट्टीवर गेला. कॅप्टनने माझ्यासमोर एक बोट नाचवलं. "टुडे यू प्ले. वन मिस्टेक, सिट. फिनिश."

मॅच अर्धी झाल्यावर बॉल आला. एक टप्पा. ग्लव्हमध्ये बसला आणि मी बघितलंही नाही, दिला पुढे, अंगातलं होतं तेवढं सगळं लावून. मारणारा जाडा होता, आणि म्हाताऱ्याकडे बॉल गेला म्हणून रमतगमत चालला होता. बॉल त्याच्या आधी बेसवर पोचला. अंपायरने मूठ उगारली. आउट! फेकताना मी तोंडावर आपटलो होतो आणि गुडघा सोलवटला होता.

कॅप्टन धावत आला. "गुड, बाबा, व्हेरी गुड! नाऊ रेस्ट. न्यू मॅन इज हियर." खरंच, एकजण उशिरा येऊन बूट बांधत होता.

"मिस्टेक झाली?"

"नो."

"मग तो बसू दे."

कॅप्टनने गुडघ्याकडे बघितलं. इंजिनियर मागून म्हणाला, "कॅप्टन, हे ऐकणार नाहीत. यल्ला, खेळूया." कॅप्टनने गळ्यातला रुमाल काढला, माझ्या गुडघ्याला करकचून बांधला आणि आपल्या जागेवर गेला.

त्यानंतर माझ्याकडे बॉल आलाच नाही. माझी मारायची पाळी आली तेव्हा तीन वेळा हवेत बॅट फिरवून परतलो. मॅचही गेली. तरी शेवटचा माणूस आउट होईपर्यंत मी उजवीकडे उभा होतो.

सामान भरताना कॅप्टनला विचारलं, "नेक्स्ट फ्रायडे?"

"सिक्स ओक्लॉक," तो मान वर न करता म्हणाला. "नो लेट, बाबा."

ग्लव्ह टीमचा होता, पिशवीत टाकायचा असतो. मी टाकला नाही. काखेत मारून गाडीकडे निघालो. कॅप्टनने बघितलं आणि पिशवीची चेन ओढून घेतली.