जिवंत माल

पिशोरच्या बसमध्ये तो मला रोज दिसायचा. बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. झालेला. पिकाची मुळं सडू न देणारी जिवंत बुरशी बाटल्यांतून विकायचा. गाव दिसू लागलं की पांढरा एप्रन चढवायचा. बाटल्यांची पेटी मात्र वाटभर ड्रायव्हरशेजारच्या तापलेल्या बॉनेटवर.

"एवढ्या उष्णतेनं बुरशी मरत नाही?" मी एकदा विचारलं.

"मरती की, सर. पण मेलेली दिसती कुठं?" तो हसला.

त्या दिवशी तो उतरताच एका बाईनं आल्याचा सडका गड्डा त्याच्यापुढं धरला.

"डॉक्टरसाहेब, माझं समदं आलं सडायलंय. वाचंल का हो?"

"वाचंल, मावशी. बाटली तेवढी सावलीत ठेवा. आत जीव हाय."

पत्नी गेल्यापासून मी खोटे धीर पुष्कळ ऐकले होते. इतका पदवीधर धीर पहिलाच. तरी मी खिडकीची काच ओढून घेतली. बाईनं बाटली पदराखाली झाकली आणि उन्हातून लगबगीनं शेताकडं निघाली.