लॉकरची दुसरी चावी

ती तक्रार आजही आठवते, कारण तक्रार द्यायला आलेली मुलगी रडत नव्हती. भांडुपच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात मी तेव्हा सहायक निरीक्षक होते. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. तिने माझ्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाली, "यातला एक मी भरलाय. दुसरा कुणी भरला ते शोधा."

पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून ती इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेत होती. पवईजवळचं एक कॉलेज तिची पहिली पसंती. गुणांप्रमाणे ती जागा तिलाच मिळायला हवी होती. मिळालं पनवेलच्या पुढचं कॉलेज. पसंतीच्या अर्जातली पहिली ओळच कुणीतरी काढून टाकली होती. प्रवेश कार्यालयाचं म्हणणं, बदलाचा ओटीपी तुझ्याच मोबाईलवर गेला, म्हणजे बदल तूच केलास. पोलिसांचा अहवाल तीन दिवसांत आला तर जागेचा विचार होईल, नंतर नाही.

वडील सोबत होते. ते म्हणाले, "मॅडम, मी म्हटलं पनवेल तर पनवेल. ऐकतच नाही."

"पप्पा, तुम्ही गप्प बसा ना जरा," ती म्हणाली. मला मुलगी पटली.

अर्ज नोंदवून घेतला आणि लगेच चूक केली. असे फॉर्म स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत भरले जातात, तिनेही तिथेच भरला होता. कॅफेवाला मुलांचे पासवर्ड एका वहीत लिहून ठेवतो, कारण मुलं ते विसरतात. मुलं वळवण्यासाठी अशा लोकांना खासगी कॉलेजं हाताशी धरतात, हे मला माहीत होतं. मी त्याला उचलून आणलं आणि अख्खा दिवस घालवला. संध्याकाळी तो वैतागून म्हणाला, "मॅडम, मी बदलला असता तर मला पैसे देणाऱ्या कॉलेजचं नाव वर टाकलं असतं. नुसती ओळ खोडून मला काय मिळणार? आणि तिचा फोन कुठून आणू?"

शहाणपणाचं बोलला. मी दोन्ही कागद पुन्हा पाहिले. काहीही नवीन घातलेलं नव्हतं, बाकीचा क्रम जसाच्या तसा. ज्याने केलं त्याला मुलीला कुठे पाठवायचं नव्हतं, फक्त तिथून उठवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रवेश कार्यालयाचं उत्तर आलं. बदल मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी अकरा चाळीसला झाला होता. त्या वेळी मुलगी विक्रोळीच्या एका कारखान्यात शिकाऊ कामावर होती. तिथे मोबाईल आत नेता येत नाही, गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवायचा. मी विचारलं, लॉकर कुणाकुणाचा?

"दोघींत एक देतात. माझा आणि माझ्या मैत्रिणीचा. दोघींकडे एकेक चावी."

"तुझा फोन उघडता येतो तिला?"

"येणारच. अर्जाचा पासवर्डही माहीत आहे. पहिल्या वर्षापासून एकत्र आहोत." मग तिच्या लक्षात आलं.

मी गेटवर गेले. सुरक्षारक्षक बाईंनी रजिस्टर काढून दिलं. मैत्रीण अकरा वीसला 'पोटात दुखतंय' म्हणून बाहेर, बारा पाचला आत. गुणवत्ता यादीत ती आमच्या मुलीच्या लगेच खाली होती. पवईची ती जागा आता तिच्या नावावर होती.

मैत्रिणीला तिच्या आईसह ठाण्यात बोलावलं. एकोणीस वर्षांची, नीटनेटकी. आधी रजिस्टर दाखवलं नाही. चहा दिला आणि कोणतं कॉलेज मिळालं ते विचारलं. तिने कॉलेजचं नाव न सांगता पसंतीच्या अर्जात असतो तो त्याचा सांकेतिक क्रमांक सांगितला, न अडखळता. मग मी रजिस्टरची प्रत पुढे सरकवली. तिने आपल्या सहीवर बोट ठेवलं.

"तिला पनवेलला पाठवतील घरचे," ती म्हणाली. "मला नाही पाठवणार. हॉस्टेल म्हटलं की लग्नाचंच बघतात. मला तेवढं एकच होतं."

आईने मान खाली घातली. म्हणजे ते खरं होतं.

खरं असलं तरी जबाब लिहून घेतला, सही घेतली, गुन्हा नोंदवला. मिटवून टाका असं सांगणारे दोन्ही घरांतून आले, आमच्या वरिष्ठांनीही सुचवलं. मी म्हटलं, मिटवलं तर अहवालात काय लिहू, ओळ आपोआप पुसली गेली? तिसऱ्या दिवशी दुपारी अहवाल मी स्वतः प्रवेश कार्यालयात नेला आणि पोच घेतल्याशिवाय उठले नाही. जागा परत मिळाली. मैत्रिणीचा त्या वर्षीचा प्रवेश गेला. तिच्या घरच्यांना मी बोलावून सांगितलं की लग्न ही या गुन्ह्याची शिक्षा नाही, पोरीला पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू द्या. त्यांनी ऐकलं का, ते मला माहीत नाही.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. कुलूप तुटलेलं असेल तर अनोळखी माणूस शोधावा. कुलूप शाबूत असेल तर ज्यांना आपण होऊन चावी दिली त्यांची नावं आधी लिहावीत. पुढे सेवेत असेपर्यंत मी ती यादी पहिल्या पानावर करत असे. कॅफेवाल्याचा गेलेला दिवस मी विसरले नाही.

प्रवेश पक्का झाल्यावर मुलगी पेढे घेऊन आली. मैत्रिणीचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. मी म्हटलं, आता इथेच माझ्यासमोर पासवर्ड बदल. तिने फोन काढला, दोन अक्षरं दाबली आणि थांबली. मग माझ्याकडे बघून डावा हात आडवा धरला आणि त्याच्या आड पुढची अक्षरं दाबली.

मी पेढा तोंडात टाकला आणि भिंतीकडे तोंड केलं.