गौरींना सगळं घर दाखवायचं असतं

बायको गेल्यानंतरचं पहिलं वर्ष आमच्या घरात सण नव्हता. दुसऱ्या वर्षी श्रावण संपत आला, तेव्हा थोरल्या वहिनी कोथरूडला आल्या, चहा प्यायल्या आणि मुद्द्यावर आल्या.

"भावजी, आता गौरी आमच्याकडे येऊ देत. घरात सवाष्ण नाही, सूनबाई परदेशात. तुमच्याच्याने व्हायचं नाही ते."

शेवटचं वाक्य त्या बोलल्या नसत्या, तर मी मुखवटे पिशवीत घालून दिलेही असते. पण मी आयुष्यभर कारखान्यात तयार माल तपासायचं काम केलं. सूतभर फरक असला तरी माल परत पाठवणारा माणूस मी. मला म्हणे व्हायचं नाही!

"गौरी इथेच येतील," मी म्हणालो.

खरं कारण वेगळं होतं, ते वहिनींना सांगितलं नाही. ती गेल्यावर देवापुढे सांजवात लावायचं काम माझ्याकडे आलं. सुरुवातीला मी रागारागानेच लावायचो. तिने या देवांचं इतकं केलं, यांनी तिचं काय केलं, हेच मनात घोळायचं. तरी लावायचो, कारण तिने एकही संध्याकाळ चुकवली नव्हती. हळूहळू राग थकला. दिव्यापुढे बसलं की तेवढा वेळ तरी छातीवरचं ओझं उतरायचं. देव आहे की नाही याची तपासणी मी सोडून दिली. आता गौरी दुसरीकडे गेल्या असत्या, तर या घरातून ती दुसऱ्यांदा गेली असती.

साडी नेसवणं ही खरी परीक्षा होती. मोबाइलवर व्हिडिओ लावून मी जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीला साडी नेसवायचा सराव सुरू केला. वरच्या मजल्यावरच्या काकू, निवृत्त शिक्षिका, विरजण मागायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"खुर्चीचं लग्न ठरलं वाटतं?"

मी सगळं सांगितलं. म्हटलं, "गौरी घरभर फिरवताना प्रश्न विचारायला कुणीतरी लागतं. तुम्ही याल?"

"अहो, मी विधवा बाई. मला कोण बोलावतं अशा कामाला?"

"मी तरी कोण? विधुरच. तुम्ही विचारा, मी उत्तरं देतो."

मंडईतून भाज्या, केवडा, शेवंतीच्या वेण्या आणल्या. लक्ष्मी रोडवरून दोन नव्या साड्या आणल्या. पितळी मुखवटे चिंचेने घासून लखलखीत केले आणि दारापासून रांगोळीची पावलं काढली. सुपात दोन्ही मुखवटे घेऊन मी उंबऱ्यात उभा राहिलो. काकू ताटावर चमचा वाजवत होत्या.

"गौरी आली, कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्यारुप्याच्या पावलांनी आली."

स्वयंपाकघरात त्यांनी विचारलं, "इथे काय आहे?"

"धनधान्य आहे."

हॉलमध्ये विचारलं. "आल्यागेल्याचा राबता आहे," मी म्हणालो. मग त्या आतल्या खोलीच्या बंद दारापाशी थांबल्या. तिथवर मी पावलं काढलीच नव्हती.

"ही राहिली."

"राहू दे ती."

शेवटचे महिने ती त्या खोलीत होती. ती गेल्यापासून मी हॉलमधल्या दिवाणावर झोपत होतो. तिच्या साड्यांचं कपाटही तिथेच होतं, म्हणून तर नव्या साड्या आणल्या होत्या.

"त्यांना सगळं घर दाखवायचं असतं," काकू वर्गातल्या आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी कडी काढली.

रिकामा पलंग, औषधांचं टेबल, त्यावर तिचा चष्मा. काकूंचा आवाज एकदम खाली आला. "इथे काय आहे?"

उत्तर ठरलेलं असतं. मी सुपातल्या मुखवट्यांकडे पाहिलं. दरवर्षी याच चेहऱ्यांना ती काजळ लावायची.

"उदंड आहे," मी म्हणालो.

आवाज फुटला, पण शब्द खोटा नव्हता. सूप हातात धरून मी तिथेच रडलो. आणि ती गेल्यापासून पहिल्यांदाच, रडून झाल्यावर मला शांत वाटलं. काकूंनी चमचा खाली ठेवला आणि खिडकी उघडली. मी कपाट उघडलं. नव्या साड्यांच्या घड्या मोडल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी वहिनी जेवायला आल्या. गौरींपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या, मग वाकून त्यांनी निऱ्यांना हात लावला. एकही निरी मागेपुढे नव्हती. मी पट्टी लावून पाहिलं होतं.

"भावजी, अगदी तिच्या हातचं वाटतंय हो," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

"साड्या तिच्या आहेत," मी म्हणालो. "निऱ्या माझ्या."