गळ्यावरची सावली

सौदीतल्या ताइफच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा मला मिळालेल्या फ्लॅटमध्ये एक बाई आधीच हजर होती. हॉलच्या भिंतीवर, तेलरंगात. पांढरी साडी, कपाळावर टिकली, मागे नुसता काळपट तपकिरी रंग. आपल्यातलीच बाई, हे बघताक्षणी कळलं.

इमारतीच्या हारिसला, म्हणजे वॉचमनला, विचारलं, "ये कौन हैं?"

"डॉक्टर मैडम. पहले इधर रहती थी," माझ्या हातात चावी ठेवत तो म्हणाला. "अब मैडम खलास."

मला सौदीत येऊन चारच दिवस झाले होते. आमच्या चिपळूणकडे माणूस खलास झाला म्हणजे काय झालं, ते वेगळं सांगावं लागत नाही. मी हळहळले आणि हारिसचा रागही आला. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का?

चित्र उतरवायचं धाडस होईना. खरं सांगते, मी तिला घाबरत होते. माझे काका चित्रं काढायचे. त्यांच्या चित्रांत ब्रशचे फटकारे दिसायचे, माणसाचा हात दिसायचा. इथे नाक टेकवून पाहिलं तरी एक फटकारा सापडेना. कातडी संगमरवरासारखी घोटलेली, साडीच्या चुण्या छिन्नीने काढाव्यात तशा धारदार. उजेड एकाच बाजूने, आणि चेहऱ्यावर हसू नाही की रडू नाही. युरोपातल्या जुन्या चित्रकारांची ही पद्धत. काका छापील नमुने दाखवून म्हणायचे, "यात काढणारा स्वतःला पुसून टाकतो." तेव्हा मला त्याचं कौतुक वाटायचं. आता एकटीने त्या हॉलमध्ये जेवताना वाटे, हे कुणी काढलेलंच नाही. बाई स्वतःच येऊन तिथे थांबली आहे.

पाहून पाहूनच मला ती सावली दिसली. उजेड डावीकडून येत होता, म्हणून नाकाची, हनुवटीची, सगळ्या सावल्या उजवीकडे पडल्या होत्या. पण गळ्याच्या डाव्या बाजूला, जिथे लख्ख उजेड हवा, तिथे एक फिकी, नखाएवढी सावली होती. कातडीखाली काहीतरी गोल असावं तशी. गळ्याच्या ऑपरेशनच्या वॉर्डात मी सहा वर्षं काढली आहेत. ती थायरॉइडची गाठ होती. म्हणजे यानेच गेली बिचारी, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

ताइफला तेव्हा गुलाबांचा हंगाम होता. बाजारात गुलाबांचे ढीग लागले होते. मी फुलं आणली, सुईदोऱ्याने ओवली आणि तिला हार घातला. परक्या मुलखात तिला दुसरं कोण घालणार? दर शुक्रवारी नवा हार. वाटलं, आता भीती जाईल. उलट वाढली. हार बरोबर गळ्यावर यायचा, सावली झाकायचा, आणि दोन दिवसांत पाकळ्या आकसल्या की ती मधूनच पुन्हा डोकावायची. हंगाम संपल्यावर शेवटचा हार तसाच सुकत राहिला.

मग एका शुक्रवारी दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर तीच बाई उभी. तीच हनुवटी, तेच न हसणारे डोळे, वर काळा पायघोळ अबाया. मी दोन पावलं मागे सरकले.

"घाबरलात?" ती म्हणाली. "खाली हारिसने सांगितलं, आता इथे मराठी नर्स राहते. मी आधी इथे राहायचे. यान्बूला बदली झाली तेव्हा सामानाने भरलेल्या गाडीत चित्र मावलं नाही. न्यायला आलेय."

ती आत आली आणि तिने हार पाहिला. मराठी बाईला आपल्या चित्रावरच्या हाराचा अर्थ कुणी समजावून द्यावा लागत नाही. मी चाचरत हारिसचं वाक्य सांगितलं.

ती हसली. "अहो, इथे खलास म्हणजे काम संपलं! मला एवढ्यात पोचवलंत की!"

मी चित्राकडे बोट केलं. "हे कुणी काढलं?"

"मीच. आरशात बघून. सुट्टीच्या दिवशी दुसरं करायचं काय?"

"मग ही सावली?" मी हार बाजूला केला. "उजेड इकडून आहे. ती इथे कशी?"

ती बराच वेळ पाहत राहिली. डोळ्यांची डॉक्टर होती ती. "आरशात होती म्हणून काढली," ती हळूच म्हणाली. "विचार नाही केला."

थायरॉइडची गाठ असली तर ती गिळताना हलते. मी ग्लासभर पाणी आणलं. वॉर्डात करतो तसं तिला चित्राशेजारी उजेडात उभं केलं आणि म्हटलं, "एक घोट घ्या."

तिने घोट गिळला. चित्रातली सावली जागच्या जागी होती. तिच्या गळ्यातली वर सरकली आणि खाली आली. मी हार ओढला, दोरा तुटेना, तेव्हा दाताने तोडला.

पुढे ऑपरेशन झालं. गळ्यावर बारीक व्रण घेऊन ती यान्बूला कामावरही गेली. पण त्या दुपारी निघताना दारात थांबून तिने विचारलं, "पहिला हार घालून किती दिवस झाले?"

"तीन महिने."

"म्हणजे तीन महिने तुम्हाला ती गाठ दिसत होती."

तिने चित्र काखेत धरलं आणि जिना उतरून गेली. मी खाली सांडलेल्या पाकळ्या गोळा करत बसले.