पायाशी येणारा गरम वारा

गाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे वैद्य म्हणत. गाडी दारात आली की तो एसीच्या जाळीसमोर पंजा धरायचा, डोळे मिटायचा आणि नाडी बघितल्यासारखं निदान सांगायचा. गॅस कमी आहे, पंखा दमलाय, कॉम्प्रेसरने मान टाकली. दहातली नऊ निदानं बरोबर निघत. दहाव्याबद्दल कुणी बोलत नसे, आणि वैद्यालाही ते लक्षात ठेवायची सवय नव्हती. पत्र्याच्या शेडमध्ये तेवीस वर्षं काढल्यावर गिऱ्हाइकाची कैफियत ऐकणं म्हणजे त्याला वेळेची नासाडी वाटू लागली होती.

सिस्टर त्याच्या जुन्या गिऱ्हाईक. निवृत्त नर्स, साऱ्या गल्लीच्या सिस्टर, पण घरात मात्र धाकट्या. थोरल्या बहिणीला, ताईंना, त्या आठवड्यातून तीनदा आपल्या वीस वर्षांच्या गाडीतून डायलिसिसला नेत. दवाखाना गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. ताईंना उकाडा सोसत नसे, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर वैद्याने अख्खा डॅशबोर्ड उतरवून गाडीची गळकी कूलिंग कॉइल बदलून दिली होती. गाडी छान गार पडली.

महिन्याभराने सिस्टर परत आल्या. म्हणाल्या, समोरून वारा कोमट येतो आणि पायाशी तर चक्क गरम लागतो. वैद्याने पंजा धरला, थोडा गॅस भरला आणि गाडी काढून दिली. दहा दिवसांनी त्या पुन्हा दारात. या वेळी त्याने गॅसचा दाब मोजणारं गेज लावलं. काटे अगदी जागच्या जागी होते.

"सगळं बरोबर आहे, सिस्टर," तो म्हणाला. "गाडीचं वय झालं. आणि वय झालं की माणसालाही गरम जास्तच वाटतं."

शेडमधली दोन गिऱ्हाइकं हसली. सिस्टर हसल्या नाहीत. पायाशी गरम वारा येतो, असं त्यांनी पुन्हा एकदा सांगून पाहिलं. इंजिनाची धग असणार, म्हणून त्याने बोलणं उडवून लावलं.

पुढे पंधरा-वीस दिवसांनी त्या आल्या, पण तक्रार घेऊन नाही. बॅटरीवर चालणारा छोटा पंखा तेवढा ताईंच्या सीटसमोर बसवून द्या, म्हणाल्या. ताई आठवड्यातली मधली वारी नकोच म्हणतात, गाडीत जीव घाबरतो म्हणतात. गेल्या आठवड्यात भर रस्त्यात उलटी झाली, घेरी आली, आणि मग दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. हे सगळं सिस्टरांनी बाजारहाट सांगावी तशा सुरात सांगितलं.

पंख्याची वायर ओढायला वैद्य आडवा होऊन डॅशबोर्डखाली शिरला. टॉर्चच्या उजेडात पहिल्यांदा त्याला दिसली ती लोंबकळणारी तार. थंड-गरमचं बटण फिरवलं की हीच तार हीटरची झडप उघडते आणि मिटते. तारेचं टोक सुटलं होतं आणि झडप अर्धी उघडी पडली होती. म्हणजे इतके दिवस पुढून गार हवा येत होती आणि मागून हीटर तिच्यात गरम हवा मिसळत होता. तार धरून ठेवणारी क्लिप शाबूत होती. ती फक्त दाबून बसवायची राहिली होती. त्या डॅशबोर्डला त्याच्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता.

तो तिथेच पडून राहिला. मग त्याने तार अडकवली, क्लिप दाबली. 'टक्' असा आवाज आला. एवढंच काम होतं.

बाहेर येऊन तो म्हणाला, "एक वायर सैल होती. पंख्याची गरज नाही आता."

कुणी सैल ठेवली, हे तो बोलला नाही. सिस्टरांनी जाळीसमोर हात धरला आणि त्यांचा चेहराच बदलला. तुमच्या हाताला यश आहे, असं त्या शेडमधल्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. वैद्य फडक्याने हात पुसत राहिला. हात केव्हाच कोरडे झाले होते.

त्यानंतर त्याचं जेवणावरून मन उडालं. कुणी 'वैद्य' अशी हाक मारली की चोरी पकडली गेल्यासारखं व्हायचं. त्यात सिस्टरांनी नाव सांगून आणखी दोन गिऱ्हाइकं पाठवली. मग मात्र त्याने बायकोला सांगून टाकलं. ती म्हणाली, "अहो, मला सांगून काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दवाखान्यात गेला. सिस्टर बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. त्याने उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं: क्लिप, तार, आणि गेजवर बोट ठेवून मारलेली फुशारकी. कशाला काही कारण जोडलं नाही.

"तुम्ही सगळं बरोबर आहे म्हणालात," सिस्टर म्हणाल्या, "म्हणून मी घरी जाऊन ताईला बोलले. नखरे करतेस म्हणाले. आजारी माणसाला." त्यांचा आवाज चढला नाही. "हे आत जाऊन तिला सांगा. माझ्या तोंडून नको."

आत ताई पलंगावर होत्या, हाताला नळ्या लावलेल्या. वैद्याने मान खाली घालून तेच पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं. ताईंनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे मला खरंच गरम होत होतं," त्या म्हणाल्या.

"हो, ताई. खरंच होत होतं."

त्यांनी दाराकडे पाहिलं. तिथे धाकटी बहीण पदर तोंडाला लावून उभी होती. ताईंनी मोकळा हात तिच्याकडे केला. वैद्य तिथून कसा बाहेर पडला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

सिस्टरांची गाडी पुन्हा त्याच्या शेडमध्ये आली नाही. ताईंची एकही वारी आता चुकत नाही, एवढं मात्र त्याच्या कानावर आलं. एकदा एका जुन्या गिऱ्हाइकाने सहज विचारलं, सिस्टर हल्ली दिसत नाहीत? 'कामात असतील' हे शब्द वैद्याच्या ओठांवर आले होते. ते गिळून तो म्हणाला, "माझ्या हातून त्यांची गाडी बिघडली होती. आणि मी त्यांनाच खोटं पाडलं."

वैद्याने गिऱ्हाइकाच्या गाडीचं दार उघडून धरलं आणि त्याला म्हणाला, नेमकं काय होतंय, पहिल्यापासून सांगा.