अपघातांचा आलेख

अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा सुरक्षा विभागातल्या माझ्या वरिष्ठांनी पन्नाशी ओलांडली होती. दर महिन्याचा अपघातांचा आलेख ते रंगीत पेन्सिलींनी काढत. तो स्प्रेडशीटवर काढायला मी त्यांना शिकवू लागलो. प्रत्येक क्लिकआधी ते विचारत, "दाबू का रे?"

तीन आठवड्यांनी त्यांचा पहिला आलेख तयार झाला. साधे उभे खांब, एकच रंग. शेवटचा खांब सगळ्यांत उंच होता.

मॅनेजरसाहेब म्हणाले, "फार उंच दिसतोय. बाजूची आकड्यांची पट्टी शंभरपर्यंत न्या."

त्यांनी तसं करून पाहिलं. सगळे खांब तळाला चिकटले. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"साहेब, नऊ जण भाजलेत. यात ते दिसतच नाहीत."

"दिसले की वरून प्रश्न येतात."

त्यांनी पट्टी पुन्हा दहावर आणली, प्रिंट काढली आणि खाली सही करून साहेबांपुढे ठेवली.

पुढच्या आठवड्यात त्यांची स्टोअरमध्ये बदली झाली. आलेख माझ्याकडे आला. मी पट्टी शंभरपर्यंत नेली.

स्टोअरच्या खिडकीशी भेटले की ते थकल्या आवाजात विचारायचे, "जेवलास का?" आलेखाबद्दल त्यांनी कधीच विचारलं नाही.