कचेरीची कोरी कमान

ड्रिल मशीनवाला शिडीवर चढला तेव्हा मी जेवणाचा डबा उघडत होते. बाहेर घरघर सुरू झाली आणि कमानीच्या काळ्या दगडाची भुकटी पायरीवर पडली. मी तशीच उठले आणि त्याला खाली उतरायला सांगितलं. तो म्हणाला, साहेबांनी हो म्हटलंय. मी म्हटलं, मग कागद दाखव. कागद नव्हता. शिपायाला सांगून मी त्याची शिडी रेकॉर्ड रूममध्ये ठेवली, कुलूप लावलं आणि मग सावकाश जेवले.

आमची तहसील कचेरी इंग्रजांच्या काळातली. समोर घडीव दगडाची कमान, वर कौलं. छप्पर इतकं गळायचं की पावसाळाभर सातबाऱ्याच्या फायलींवर प्लॅस्टिक पांघरावं लागे. मंजुरीची वाट पाहून सगळे थकले, तेव्हा गावातले तिघे मदतीला आले. एका बियाणे कंपनीच्या विक्रेत्याने कौलं दिली, एका पतसंस्थेच्या अध्यक्षांनी सागवानी वासे दिले आणि प्लॉट विकणाऱ्या एका शेठजींनी मजूर दिले. काम झकास झालं, हे मी आजही मोकळेपणाने मान्य करते. पण काम संपताच तिघांनाही कमानीवर आपलं नाव हवं झालं. विक्रेत्याने तर वाशीमहून फलक करून आणला होता. त्यावर सोयाबीनच्या हातभर शेंगा आणि त्यांच्याखाली कचेरीचं नाव बोटभर अक्षरांत. तो बसवायलाच ड्रिलवाला आला होता.

तहसीलदार साहेब नवे होते, पुण्याकडचे, स्वभावाने भिडस्त. त्यांनी मला बोलावून सांगितलं की नाव लावण्याची टिप्पणी ठेवा. मी अव्वल कारकून, त्यामुळे फाइल माझ्या टेबलावरूनच पुढे जायची. मी टिप्पणी ठेवली, पण उलटी. इमारतीच्या दर्शनी भागावर आणि कमानीवर कोणत्याही देणगीदाराचं नाव किंवा कंपनीचा फलक नसावा. मदत करणाऱ्यांची नावं आतल्या खोलीत एका लहान पाटीवर, सारख्या अक्षरांत, आवक नोंदवहीच्या क्रमाने लिहावीत. साहेबांनी ती वाचली आणि फाइल बाजूला सारली. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते आणि मी साहेबांशी वाकडं घेतलं होतं.

पण मला गप्प बसवेना. माझे बाबा याच कचेरीत शिपाई होते आणि ते गेल्यावर मला इथे नोकरी लागली. रोज सकाळी ते ओल्या फडक्याने कमानीचा दगड हात पुरेल तिथवर पुसायचे. ते त्यांच्या कामात नव्हतं, कोणी सांगितलंही नव्हतं. मी शाळेत जाताना थांबून बघायचे आणि मला तेव्हा त्यांची थोडी लाज वाटायची. ती लाज मला पुढे फार वर्षं टोचत राहिली.

हे सगळं त्या विक्रेत्याला कुठून कळलं कोण जाणे. साहेबांनी तिघा देणगीदारांची बैठक बोलावली होती, तिच्या दोन दिवस आधी तो माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला.

"मॅडम, कमानीवर सगळ्यात वर तुमच्या बाबांचं नाव टाकू. आमचं त्याच्या खाली. तुमी फक्त टिप्पणी बदला."

खोटं कशाला बोलू, माझं काळीज हललं. मी त्याला नाही म्हटलं नाही. उद्या सांगते म्हटलं. संध्याकाळी घरी आले आणि मोठ्या हौसेने आईला ही गोष्ट सांगितली. ती भाजी निवडत होती. तिने मानही वर केली नाही.

"तुया बापानं सारी उमर तो दगड पुसला," ती म्हणाली, "अन् तू त्याच दगडावर त्याचं नाव ठोकून राह्यली?"

मग तिने भाजीची जुडी माझ्यापुढे टाकली आणि आम्ही दोघी निवडत बसलो. दुसऱ्या दिवशी मी विक्रेत्याला निरोप पाठवला की टिप्पणी आहे तशीच राहील.

बैठकीत मला फारसं बोलावंच लागलं नाही. साहेबांनी एवढंच विचारलं की कमानीवर पहिलं नाव कोणाचं? आमच्याकडे लग्नपत्रिकेत काकाचं नाव मामाच्या खाली गेलं तर माणूस लग्नाला येत नाही, हे साहेबांना कुठून माहीत असणार? विक्रेता म्हणाला, कौलं वर असतात तेव्हा नावही वरच पाहिजे. अध्यक्ष म्हणाले, वासे नसते तर कौलं काय हवेत राहिली असती? शेठजी म्हणाले, छपरावर चढली ती तर माझी माणसं. साहेबांनी तीन फलक सुचवले, पण कमान एक आणि तिचा मध्य एकच. अकारविल्हे लावू म्हणाले, तर ज्यांचं नाव शेवटी येत होतं ते अध्यक्ष उठून उभे राहिले. तासभर हे चाललं. शेवटी साहेबांनी चष्मा काढला, माझी फाइल मागवली आणि सगळ्यांसमोर सही केली. मला टेबलाखाली टाळी वाजवावीशी वाटली.

मग पाटीवरच्या क्रमासाठी आवक नोंदवही उघडली, तर पहिली नोंद अनसिंग गावच्या एका शेतकऱ्याची निघाली. त्याने आपल्या पाडलेल्या घराची कौलं बैलगाडीतून आणून टाकली होती आणि पोच घेऊन गेला होता. नोंदवहीशी कोणाला भांडता येईना. पुढे तालुक्यातल्या दुसऱ्या जुन्या सरकारी इमारतींसाठीही साहेबांनी तीच टिप्पणी लागू केली. ड्रिलने पडलेलं भोक मात्र तसंच आहे.

सव्वीस जानेवारीला मी आईला झेंडावंदनाला नेलं. बाबा नोकरीत होते तेव्हा ती मागच्या दाराने यायची, डबा देऊन तिथूनच परतायची. समोरून येऊ नको असं तिला कोणी म्हटलं नव्हतं, पण ये असंही कोणी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी ती समोरच्या पायऱ्या चढली. मला वाटलं, ती वर बघेल, दगडावरून हात फिरवेल, रडेल. तिने यातलं काहीच केलं नाही. कमानीच्या बरोबर मध्ये ती वळून उभी राहिली, पदर नीट केला आणि मागून येणाऱ्या साहेबांना हाताने थांबवलं.

"थांबा जरासे, साहेब," ती म्हणाली. "माह्या पोरीले फोटो काढू द्या."

साहेब खालच्या पायरीवर थांबले आणि मी फोटो काढला.